मार्फानचा रुग्ण, रक्त पातळ करणारी गोळी आणि फुकटचे सल्ले

मार्फान सिंड्रोम असलेला आणि हृदयात यांत्रिक झडप (मेकॅनिकल व्हॉल्व्ह) बसवलेला कोणी तुमच्या घरात, नात्यात किंवा शेजारी आहे का? असेल तर दोन गोष्टी आधी वाचा, बाकीचा लेख नंतर.

पहिली गोष्ट: त्याची रक्त पातळ करणारी रोजची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

दुसरी गोष्ट: त्याच्या छातीत अचानक जोरात दुखू लागले, तर 'ॲटॅक असेल' म्हणून घरातली दुसरी एखादी रक्त पातळ करणारी गोळी त्याला घाईघाईने देऊ नका. थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतील, पण तशा त्या नाहीत. आपल्याकडे मात्र नेमके उलटे घडते. जी गोळी चालू राहायला हवी ती नातेवाईक, केमिस्ट, दाताचे डॉक्टर, कधी कधी आम्ही फिजिशियनसुद्धा सहज बंद करायला सांगतो. आणि जिथे थांबून विचार करायला हवा, तिथे गोळ्या आणि इंजेक्शने धडाधड दिली जातात. आजचा लेख या फुकटच्या सल्ल्यांविरुद्ध आहे.

मार्फान म्हणजे काय?

भिंतीत विटा असतात, पण भिंत उभी राहते ती सिमेंटमुळे. आपल्या शरीरात पेशींना बांधून ठेवणारा असाच एक माल असतो. त्याला संयोजी ऊती म्हणतात. या मालातले एक महत्त्वाचे प्रथिन म्हणजे फायब्रिलिन. ते बनवणाऱ्या जनुकात जन्मापासून दोष असला, की मार्फान सिंड्रोम होतो. फ्रेंच बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फान यांनी १८९६ मध्ये लांब हातपाय आणि बोटे असलेल्या एका लहान मुलीचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. जनुकातला दोष १९९१ मध्ये सापडला.

साधारण ५,००० माणसांमागे एकाला हा आजार असतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती. हिशेब करा: आपल्या राज्यात असे बावीस हजारांहून जास्त लोक असायला हवेत. त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्याला हा आजार आहे हे ठाऊकच नसते. 'पोरगा उंच आहे, लुकडा आहे, चष्म्याचा नंबर मोठा आहे' एवढ्यावर विषय संपतो. उंचीपेक्षा जास्त भरणारी हातांची लांबी, लांबसडक बोटे, आत गेलेली किंवा पुढे आलेली छाती, पाठीच्या कण्याला बाक, डोळ्यातले भिंग सरकणे, ही याची लक्षणे. आई किंवा वडिलांना आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. सुमारे पाव रुग्णांत मात्र घरात आधी कोणालाच नसताना तो नव्याने सुरू होतो.

खरा धोका उंचीत नाही, महाधमनीत आहे. हृदयातून निघणारी ही सर्वांत मोठी रक्तवाहिनी. तिची भिंत कमकुवत असल्यामुळे ती मुळाशी हळूहळू फुगत जाते आणि एखाद्या दिवशी फाटू शकते. म्हणून रक्तदाब आटोक्यात ठेवणारी आणि भिंतीवरचा ताण कमी करणारी औषधे देतात, सोनोग्राफीसारखी इकोची तपासणी दर वर्षी करतात, आणि फुगवटा साधारण ५ सेंटिमीटरपर्यंत पोहोचला की शस्त्रक्रिया सुचवतात. धोका जास्त असेल तर त्याआधीही.

गोळी कशासाठी?

अनेक रुग्णांत महाधमनीचा फुगलेला भाग आणि तिथली झडप एकत्र काढून कृत्रिम नळी व यांत्रिक झडप बसवतात. ह्यू बेंटॉल यांनी ही शस्त्रक्रिया १९६८ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणून तिला बेंटॉल शस्त्रक्रिया म्हणतात.

यांत्रिक झडप टिकाऊ असते. पण रक्ताच्या दृष्टीने ती परकी वस्तू. तिच्यावर गुठळी धरू शकते. गुठळीने झडपेची पाकळी अडकली, तर माणूस काही तासांत धाप लागून मरणाच्या दारात जातो. गुठळी सुटून मेंदूत गेली, तर पक्षाघात होतो. हे टाळण्यासाठी वॉरफॅरिन किंवा असिनोकुमरॉल ही गोळी असते. आपल्याकडे बरेच रुग्ण हिला 'ॲसिट्रोम' या नावाने ओळखतात. यांत्रिक झडप असेपर्यंत, म्हणजे जन्मभर, ती घ्यावी लागते.

आता 'रक्त पातळ करणारी' हा शब्दच बघा. या गोळीने रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही. ते जेवढे दाट असते तेवढेच राहते. फक्त गोठायला जास्त वेळ लागतो. किती जास्त, हे आयएनआर या तपासणीतून कळते. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. महाधमनीच्या जागी यांत्रिक झडप असेल तर बहुधा तो २ ते ३ मध्ये ठेवतात. डाव्या कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेसाठी २.५ ते ३.५. तुमचा आकडा तुमच्या हृदयतज्ज्ञाने ठरवलेला असतो आणि तो तुम्हाला पाठ असला पाहिजे.

'पातळ' या शब्दाने मोठा घोळ केला आहे. कोणी अशक्तपणा आला की गोळीला दोष देतो, कोणी थंडीत 'रक्त आणखी पातळ नको' म्हणून गोळी सोडतो. या शब्दातूनच पुढचे बहुतेक सल्ले जन्माला येतात. ते एकेक करून घेऊ.

सल्ला पहिला: 'याच्या नसा आधीच कमजोर, मग ही गोळी कशाला?'

हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, म्हणून तो जास्त घातक आहे. भिंत कमजोर आहे हे खरे. रक्तस्राव झाला तर तो जास्त होईल, हेही खरे. पण ही गोळी महाधमनी फाडत नाही. भिंतीवर ताण येतो तो वाढलेल्या रक्तदाबाने. त्यासाठी रक्तदाबाची गोळी नियमित घ्या, जड वजने उचलू नका, तंबाखू-सिगारेट सोडा, उरलेल्या महाधमनीची तपासणी दर वर्षी करा. शस्त्रक्रिया झाली म्हणजे पुढची महाधमनी निरोगी झाली असे नाही.

गुठळी धरते ती यांत्रिक झडपेवर. भिंतीचा धोका भिंतीच्या उपायांनी कमी करायचा, झडपेचा धोका या गोळीने. एका धोक्याच्या भीतीने दुसऱ्याचे औषध बंद करणे म्हणजे चोराच्या भीतीने घराला बाहेरून कुलूप लावून माणसे आत कोंडणे.

सल्ला दुसरा: 'नवी गोळी घे, तपासणीची कटकटच नाही'

डॅबिगॅट्रान, ॲपिक्सॅबान, रिव्हरॉक्सॅबान या नव्या गोळ्या चांगल्या आहेत. पायातल्या गुठळीसाठी किंवा हृदयाच्या काही प्रकारच्या अनियमित ठोक्यांसाठी मीही त्या देतो. पण यांत्रिक झडपेसाठी त्या चालत नाहीत. डॅबिगॅट्रानचा प्रयोग यांत्रिक झडपांच्या रुग्णांवर करून पाहिला गेला. गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त, असे दिसल्याने तो मध्येच थांबवावा लागला. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ॲपिक्सॅबानचा एका विशिष्ट यांत्रिक झडपेवरचा अभ्यासही २०२२ मध्ये याच कारणाने थांबवला गेला: वॉरफॅरिनपेक्षा गुठळ्या जास्त झाल्या.

शेजाऱ्याला ती गोळी चालते, कारण शेजाऱ्याच्या हृदयात यांत्रिक झडप नाही. गोळी बदलण्याआधी एवढा एक प्रश्न विचारा: 'माझ्या यांत्रिक झडपेला ही चालते का?'

सल्ला तिसरा: 'दात काढायचाय ना? पाच दिवस गोळी बंद कर'

साधा एखादा दात काढण्यासाठी गोळी बंद करण्याची बहुधा गरज नसते. आधीच्या एक-दोन दिवसांत आयएनआर तपासावा. तो ठरलेल्या मर्यादेत असेल, तर टाके घालून, गॉज दाबून धरून, गरज पडली तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडने चूळ भरून रक्त थांबवता येते. हिरडीचे रक्त दिसते आणि दाबताही येते. झडपेवरची गुठळी दिसत नाही आणि दाबता येत नाही.

उलट एक गोष्ट मात्र विसरू नये, आणि तीच अनेकदा विसरली जाते. कृत्रिम झडप असलेल्यांनी दात काढण्याआधी सुमारे तासभर अँटिबायोटिकचा एक डोस घ्यायचा असतो. नाही तर तोंडातले जंतू झडपेवर जाऊन बसू शकतात. मोठी शस्त्रक्रिया असेल, तर गोळी किती दिवस थांबवायची आणि त्या काळात हेपॅरिनची इंजेक्शने द्यायची का, हे हृदयतज्ज्ञ लेखी सांगतील. तोंडी निरोपावर गोळी थांबवू नका.

सल्ला चौथा: 'कंबर दुखतेय? एक सुई मारून घे'

आपल्या गावागावांत सुई मारल्याशिवाय पेशंटचे समाधान होत नाही आणि डॉक्टरचेही. या गोळीवर असलेल्या माणसाला कंबरेवर डायक्लोफेनॅकची सुई म्हणजे दुहेरी संकट. स्नायूत रक्त साचून मोठी गाठ होऊ शकते. शिवाय डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके पोटात रक्तस्राव घडवू शकतात. दुखले तर बहुधा पॅरासिटामॉल पुरते, तेही दिवसेंदिवस भरपूर नको, कारण त्यानेही आयएनआर वाढतो. लसीची गोष्ट वेगळी. आयएनआर मर्यादेत असेल तर बारीक सुईने लस देऊन जागा नीट दाबून धरली की चालते, त्यामुळे लस चुकवू नका.

जुलाब लागले की केमिस्टकडून आणली जाणारी ऑफ्लॉक्सासिन-ओर्निडाझोलची जोडगोळी तर मार्फानच्या रुग्णासाठी सर्वांत वाईट. ओर्निडाझोल आणि त्याच्या कुळातल्या मेट्रोनिडाझोलमुळे आयएनआर धोकादायकरीत्या वाढू शकतो. ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटाबद्दल अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१८ मध्येच इशारा दिला: महाधमनी फुगण्याचा किंवा फाटण्याचा धोका असलेल्यांना, ज्यात मार्फानचे नाव स्पष्ट घेतलेले आहे, दुसरा पर्याय असताना ही औषधे देऊ नयेत. एकाच गोळीत भिंतीलाही धोका आणि रक्तालाही. आणि ती मिळते कशी? 'भाऊ, पोट बिघडलंय' एवढे म्हटल्यावर, चिठ्ठीशिवाय.

सल्ला पाचवा: 'पालेभाजी बंद, त्यापेक्षा लसणाच्या कॅप्सूल घे'

पालक, मेथी, शेपू, कोथिंबीर यांत व्हिटॅमिन के असते आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करते, हे बरोबर. त्यावरून पालेभाजी बंद करायची, हे चूक. दर आठवड्याला साधारण सारखीच खा, तुमचा डोस त्यावर बसवता येतो. गडबड होते ती अचानक बदलाने: श्रावणात किंवा नवरात्रात नऊ दिवस उपवास, मग एकदम भरपेट पालेभाज्या. उपवास करायचाच असेल तर आधी सांगा आणि नंतर आयएनआर तपासा.

फोडणीतल्या लसणाला माझी हरकत नाही. पण 'नैसर्गिक रक्त पातळ करणारे' म्हणून विकले जाणारे काढे, अर्क आणि कॅप्सूल घेऊ नका. त्यांत किती काय आहे हे मोजता येत नाही आणि आमची गोळी मात्र मोजून द्यावी लागते.

आता दुसरी बाजू: छातीत दुखते तेव्हा

आतापर्यंत गोळी बंद करू नका, असे सांगितले. आता घाई करू नका, असे सांगतो.

मार्फान असलेल्या माणसाला, झडप बदललेली असो वा नसो, अचानक छातीत किंवा पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये फाडल्यासारखे दुखू लागले, तर पहिला संशय महाधमनी फाटल्याचा घ्यायचा. अडचण अशी, की हे दुखणे हार्ट ॲटॅकसारखेच दिसते. कधी ईसीजीसुद्धा ॲटॅकसारखा येतो, कारण फाटलेला भाग हृदयाच्या रक्तवाहिनीचे तोंड बंद करतो. मग ॲटॅक समजून ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, हेपॅरिन आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले जाते. फाटलेल्या महाधमनीत याचा परिणाम काय होईल, ते तुम्हीच समजा.

हे फक्त लहान गावात होते असे नाही. 'रेंट' या गाजलेल्या संगीत नाटकाचे लेखक-संगीतकार जोनाथन लार्सन १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वयाच्या ३५ व्या वर्षी गेले. छातीत दुखते म्हणून ते आधी दोन रुग्णालयांत जाऊन आले होते. महाधमनी फाटली आहे हे ओळखले गेले नाही. त्यांना निदान न झालेला मार्फान असावा, असे नंतर मानले गेले. अमेरिकन अभिनेते जॉन रिटर २००३ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्यावर सुरुवातीला हार्ट ॲटॅकचे उपचार चालू होते. आजार महाधमनीचा निघाला.

म्हणून रुग्णालयाच्या दारात शिरताच पहिले वाक्य हे बोला: 'याला मार्फान आहे, महाधमनी फाटली असेल का, ते आधी बघा.' दोन्ही हातांचा रक्तदाब, इको आणि सीटी स्कॅनने निदान होते. त्यासाठी लागणारा वेळ वाया जात नाही. रोजची गोळी चालू असेल तर तिचे काय करायचे, हेही मग तिथले डॉक्टर ठरवतील.

एक खुलासा मात्र नीट वाचा. ज्यांना मार्फान किंवा असा आजार नाही, त्यांनी हा लेख दाखवून ॲटॅकची औषधे नाकारू नयेत. त्यांच्यासाठी तीच औषधे जीव वाचवतात.

संयोजी ऊतींचे आणखीही अनुवंशिक आजार आहेत. एहलर्स-डॅनलॉसच्या रक्तवाहिन्यांच्या प्रकारात तर जराशा धक्क्यानेही काळेनिळे डाग पडतात, पण रक्त गोठण्याच्या तपासण्या नॉर्मल येतात, कारण दोष रक्तात नसून भिंतीत असतो. अशा रुग्णाला रक्त पातळ करणारे कोणतेही औषध देताना आणखी जास्त विचार करावा लागतो. म्हणून 'नसांचा काहीतरी आजार आहे' असे मोघम न सांगता आजाराचे पूर्ण नाव सांगा.

शस्त्रक्रियेआधी विचारायचे प्रश्न

शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल, तर सर्जनना विचारा: 'माझी स्वतःची झडप वाचवता येईल का?' टायरोन डेव्हिड यांनी रूढ केलेल्या पद्धतीत झडप तशीच ठेवून फक्त फुगलेली महाधमनी बदलतात. ती जमली तर झडपेसाठी जन्मभर ही गोळी घ्यावी लागत नाही. सगळ्यांना ती जमत नाही, आणि पुढे झडप गळू लागली तर पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. पण प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. गावाजवळ आयएनआर तपासणी होत नसेल, तर तेही सर्जनना तेव्हाच सांगा.

मुलगी असेल, तर लग्नानंतर नव्हे, आधीच बोला. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, वॉरफॅरिनने बाळात व्यंग येऊ शकते. पण पाळी चुकली म्हणून घाबरून गोळी सोडली, तर आईची झडप बंद पडू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गोळी की हेपॅरिन, हे ते ठरवतील. महाधमनी किती फुगलेली आहे हे गरोदर राहण्याआधीच तपासलेले असायला हवे.

माझे भांडण कोणाशी?

रुग्णाशी नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रिया होतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली भारतीय यांत्रिक झडप १९९० पासून रुग्णांना बसवली जाते आहे. झडप बसवण्याची सोय आपण केली. पण झडप बसवून घेतलेला माणूस गावी परत गेला, की आयएनआरसाठी त्याला एसटीने जिल्ह्याला जावे लागते आणि एक दिवसाची मजुरी बुडते. मग तपासणी महिन्यांवर जाते आणि 'गोळी त्रासदायक' म्हणून बदनाम होते. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, घरात कोणालाही न वाचता येणारे. अशा माणसाने शेजाऱ्याचा सल्ला ऐकला, तर दोष कोणाला द्यायचा?

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आयएनआर तपासणी आणि प्रत्येक झडपेच्या रुग्णाच्या हातात मराठी कार्ड, एवढी मागणी तुम्ही आम्हा डॉक्टरांकडे आणि लोकप्रतिनिधींकडे करा. ते होईपर्यंत कार्ड तुम्हीच बनवा. जाड कागदावर, ठळक अक्षरांत लिहा:

- मला मार्फान सिंड्रोम आहे. माझ्या हृदयात यांत्रिक झडप आहे. शस्त्रक्रियेची तारीख आणि झडपेची जागा.
- गोळीचे नाव, रोजचा डोस, माझा ठरलेला आयएनआर.
- हृदयतज्ज्ञांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये, बदलू नये.
- कंबरेत किंवा दंडात वेदनाशामक सुई नको. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको. सिप्रो, ऑफ्लॉक्स, लिव्हो गटातली अँटिबायोटिक शक्यतो नको.
- छातीत किंवा पाठीत अचानक दुखले, तर महाधमनी फाटली नाही ना, हे आधी बघावे.
- हृदयतज्ज्ञांचा आणि घरच्यांचा फोन नंबर.

मागच्या बाजूला घरच्यांसाठी लिहा: एखादा डोस चुकला आणि त्याच दिवशी आठवला तर घ्यावा, दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. काळी शौच, लघवीत रक्त, डोक्याला मार, अचानक तीव्र डोकेदुखी, तोंड वाकडे होणे, बोलताना अडखळणे, एकाएकी धाप लागणे किंवा झडपेचा नेहमीचा टिकटिक आवाज बंद होणे, यांपैकी काहीही झाले तर लगेच रुग्णालयात जावे.

हे कार्ड पाकिटात ठेवा, त्याचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी कोणी 'अरे, ती गोळी बंद कर' म्हणाले, तर वाद घालू नका. कार्ड दाखवा आणि सांगा, 'माझ्या डॉक्टरांना फोन लावतो, तुम्हीच त्यांच्याशी बोला.'

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. डोस आणि उपचार तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.)